मेणकागदावरचा पाव

कुणी काही म्हटलं की ‘बरं’ म्हणायची, जन्मभर पुस्तकं बांधलेल्या बाइंडरांना जुनी सवय होती. गिऱ्हाईक म्हणालं, कव्हर लाल नको, निळं करा, बरं. मालक म्हणाले, दुकान बंद करतोय, बरं. त्यामुळे लेक जेव्हा म्हणाली, “बाबा, उद्यापासून जाताना मी बाहेरून कुलूप लावत जाईन,” तेव्हाही त्यांच्या तोंडून तेच निघून गेलं.

लेकीचं तरी काय चुकलं होतं? दूध गॅसवर ठेवून ते वाचनालयात गेले आणि एका जुन्या प्रवासवर्णनात असे गुंतले, की आपल्याला घर आहे आणि घरात गॅस आहे हेच डोक्यातून गेलं. पातेल्याचा कोळसा झाला. लेक कामावरून आली ती धुरात शिरली, आणि बाबा सापडेनात म्हणून मोरीचं दार बडवत राहिली. आई गेल्यापासून तिला हे एवढं एकच माणूस उरलेलं. “तुम्ही बाहेर गेलात की आतलं विसरता,” ती रडून झाल्यावर म्हणाली होती. “आता बाहेर जायचं नाही आणि गॅसला हात लावायचा नाही.”

रोज सकाळी ती कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात कामाला जायची. दार ओढल्याचा आवाज, मग किल्लीचा, मग जिना उतरणाऱ्या चपलांचा. त्यानंतर दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि कुंड्या ठेवण्यापुरती बाल्कनी एवढंच जग उरायचं. वाचायला पुस्तकं होती, पण पूर्वी ज्या पुस्तकात ते हरवून जायचे त्यातलं आता पानही उलटेना. वाचता वाचता मध्येच उठून ते दाराची मूठ फिरवून बघत. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

वरच्या मजल्यावर एक शिंपीणबाई राहायच्या. त्यांची खिडकी बाल्कनीच्या बरोबर वर. मशीन थांबलं की बाईंचं डोकं बाहेर येणार, हे ठरलेलं.

“काय बाइंडरसाहेब, हल्ली बाजारात दिसत नाही?”

“गुडघा जरा...”

“परवा डावा दुखत होता. आज उजवा धरलाय!”

बाइंडरांनी घाईने हात बदलला. कुलपाचं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. लेकीला लोक नावं ठेवतील ही एक भीती; आणि आपल्याला लहान पोरासारखं कोंडून ठेवतात हे कळलं तर पुन्हा बाईंकडे मान वर करून बघायचं कसं, ही दुसरी. दुसरी जास्त खरी होती.

त्या दिवशी वरून ताज्या पावाचा वास येत होता. “घरी केलात?” त्यांनी विचारलं.

“मग काय! आणि मळायची भानगड नाही. मैदा, मीठ, चिमूटभर यीस्ट, पाणी. कुंडीतली रोझमेरी, थाइम, जे हिरवं मिळेल ते चिरून टाकायचं. कालवायचं, झाकायचं आणि विसरून जायचं.”

“विसरून?”

“म्हणजे दुसऱ्या दिवशी आठवायचं हो! नाहीतर आंबून भांड्याबाहेर येईल. मग जाड बुडाचं भांडं झाकणासकट ओव्हनमध्ये चांगलं तापवायचं आणि कागदावर ठेवून पीठ आत सोडायचं. कागद नसला तर बुडाला धरतं.”

बाइंडरांच्या मनात काहीतरी लख्ख झालं. बोटं वाकडी झाल्यापासून त्यांना काही मळता येत नव्हतंच. पण एक गोष्ट आज ठेवायची आणि उद्यापर्यंत डोक्यात जागी ठेवायची, हे जमलं तर? तो पाव लेकीसमोर ठेवायचा. मग काही बोलावं लागणार नाही. किल्ली मागायचं काम पावच करील. आणि तिने मनाई केली होती ती गॅसला. घरातल्या विजेच्या ओव्हनबद्दल ती अवाक्षर बोलली नव्हती. हा युक्तिवाद पोकळ आहे हे त्यांना कळत होतं. तरी त्यांनी तो धरून ठेवला.

“यीस्ट आहे का?” वरून प्रश्न आला. “आणि मैदा?”

“मैदा असतो माझ्याकडे. खळीसाठी.”

यीस्टची पुडी आणि रोझमेरीची एक काडी दोऱ्याला बांधून खाली आली. बाइंडरांनी आपल्या खोलीत पीठ कालवलं, वर ताटली ठेवली आणि वाडगं कपाटात स्वेटरांमध्ये दडवलं. संध्याकाळी लेक इस्त्रीचे कपडे ठेवायला आली आणि नाक वर करून थांबली.

“बाबा, कसला आंबूस वास येतोय?”

“खळीचा. जुनी आहे.”

“टाकून द्या ना मग! कसली कसली माया असते तुमची!”

“बरं,” बाइंडर म्हणाले.

सकाळी कुलूप लागलं तसं त्यांनी कपाट उघडलं. पीठ दुप्पट झालं होतं, वर बुडबुडे, आत नुसती जाळी. ते विसरले नव्हते! अंघोळ करताना, चहा पिताना, लेकीशी बोलताना, सारखं त्यांना हे आठवत होतं. पाटावर मैदा भुरभुरून त्यांनी ते ओतलं आणि पुस्तकाच्या छापील तावाला, फॉर्माला, घालतात तशी घडी घातली. अर्ध्यात एक, मग आडवी एक. बोटांना काही जोर लागला नाही. ओव्हनमध्ये भांडं तापू लागलं.

कागदाचीही त्यांना चिंता नव्हती. दुकान बंद झालं तेव्हा मेणकागदाची एक गुंडाळी त्यांनी घरी आणली होती. नव्या पुस्तकाची पानं खळीने एकमेकांना चिकटू नयेत म्हणून शेकडो वेळा त्यांनी तो कागद मध्ये सरकवला होता. मेणकागदाला काही म्हणून धरत नाही, ही त्यांची आयुष्यभराची खात्री. चांगला चारी बाजूंनी बाहेर येईल असा तुकडा कापून त्यांनी पीठ त्यावर ठेवलं, भांड्यात सोडलं, झाकण घातलं आणि ओव्हनचं दार लावून खुर्ची ओढून समोर बसले.

ओली खळ त्या कागदाने पुष्कळ पाहिली होती. आग कधी पाहिली नव्हती.

आधी वास आला, मेणबत्ती विझवल्यासारखा. मग ओव्हनच्या फटीतून धूर निघाला, पांढरा, मग करडा, आणि बघता बघता स्वयंपाकघर भरलं. बाइंडर उठले आणि दाराकडे धावले. मूठ फिरवली. पुन्हा फिरवली. दोन्ही हातांनी धरून ओढली. दार जागचं हललं नाही. त्या क्षणी त्यांना मरणाची भीती वाटली नाही. वाटलं ते एवढंच, की आता ही किल्ली आपल्याला जन्मात मिळत नाही.

“अहो! धूर कसला?” वरून हाक आली.

“काही नाही!” खोकत ते ओरडले.

“काही नाहीला एवढा धूर? दार उघडा, मी येते खाली!”

बाइंडर बाल्कनीत आले. मान वर करायची हिंमत नव्हती. “दार... बाहेरून लावलंय.”

बाईंनी अर्धं अंग खिडकीबाहेर काढून खाली पाहिलं. मग बाई म्हणाल्या, “ओव्हनचं बटण बंद करा. खिडक्या उघडा. ओव्हनचं दार इतक्यात उघडू नका.” आवाजात थट्टा उरली नव्हती. “मी पोरीला फोन करते.”

त्यांनी बटण बंद केलं. खिडक्या उघडल्या. नाकाला ओला टॉवेल लावून ते दाराशी जमिनीवर बसले. पलीकडून बाईंच्या पावलांचा आवाज आला, आणि कुलूप कुणीतरी हातात धरून सोडल्याचा. “मी इथे आहे हो,” बाई दारातून म्हणाल्या. “गुडघा कसा आहे?”

बाइंडरांना हसू आलं आणि लगेच रडू.

लेक धावत आली. किल्ली कुलपाला लागेना. ती कुलपावरून घसरत असल्याचं त्यांना आतून ऐकू येत होतं. दार उघडलं तेव्हा धूर विरत आला होता. “म्हणूनच!” ती ओरडली. “म्हणूनच मी कुलूप लावते! बघितलंत ना?” आणि मग हातातल्या किल्लीकडे बघून ती एकदम थांबली.

बाईंनी दोघांकडे एकदा पाहिलं. मग वर निघून गेल्या.

“मी विसरलो नव्हतो,” बाइंडर म्हणाले. “कागद चुकला.”

ओव्हन निवल्यावर तिने भांडं बाहेर काढलं. कागदाच्या बाहेर आलेल्या कडा जळून गेल्या होत्या. आतला पाव पांढराफटक, पण फुगलेला. “झाकण काढून अजून भाजायचा असतो,” ते हळूच म्हणाले. त्यांना वाटलं, आता ती भांडं कचऱ्यात पालथं करणार. तिने जळका कागद सोलून काढला, पाव परत आत ठेवला आणि स्वतः ओव्हनसमोर खुर्चीत बसली. पुन्हा दुकानात गेली नाही.

पाव बुडाला मेणकट आणि वर खरपूस झाला. तिने बूड कापून टाकलं. रोझमेरीचा तुकडा दाताखाली आल्यावर म्हणाली, “चांगला झालाय.” बाइंडरांनी दोनदा तोंड उघडून मिटलं. तिसऱ्यांदा शब्द निघाले. “कुलूप नको गं लावूस.”

तिने पावाचा आणखी एक तुकडा कापून घेतला.

सकाळी ती निघाली. दार ओढल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ किल्लीचा. बाइंडर हातातला पाव तसाच धरून बसून राहिले. चपला जिना उतरू लागल्या. मध्यावर थांबल्या. मग त्या वर चढून आल्या, किल्ली उलटी फिरली, कडी निघाली, आणि चपला भराभरा खाली गेल्या.

दार उघडायला त्यांना फार वेळ लागला. किल्ली बाहेर कुलपातच ठेवलेली होती. त्यांनी ती खिशात टाकली, उरलेला अर्धा पाव रुमालात बांधला, दार लावून घेतलं आणि जिना चढून बाईंच्या दाराशी गेले. बेलकडे नेलेला हात तिथेच थांबला. ते परत खाली आले, ओव्हनच्या बटणाला बोट लावून बघितलं. बंद होतं. गॅसही बघितला. मग पुन्हा जिना चढू लागले.