भलत्याच बाईचं माप

मंगळवार होता. मला साबणाच्या पाण्यातून काढून टेबलावर उताणं वाळत घातलं होतं. मी आवाज तपासणारा रबरी मुखवटा. रोजची थुंकी आणि रोजची आंघोळ, हेच माझं वैभव. तेवढ्यात दारात पाक जुमादी आले. आधी हसले. मग डॉक्टर हप्सारींना जेवण झालं का विचारलं, उन्हाबद्दल दोन शब्द बोलले आणि म्हणाले, "माफ करा हं डॉक्टर, गुरुवारी येणं नाही जमायचं. बु वार्सियेम काल गेल्या. दुपारी झोपल्या त्या उठल्याच नाहीत."

आमच्या जावा बेटावरच्या सोलो शहरात पुरुषाला मानानं 'पाक' म्हणतात, बाईला 'बु', आणि मरणाची बातमीसुद्धा ऐकणाऱ्याला त्रास होऊ नये अशा बेतानं देतात.

माझं काम सोपं. नाक-तोंडावर घट्ट बसायचं. माणूस "पा-पा-पा" म्हणतो. हवा किती सुटली, दाब किती साचला, ते माझ्या नळ्या सांगतात आणि आवाज शेजारचा मायक्रोफोन टिपतो. मोठमोठे साहेब माझ्यात तोंड खुपसून पा-पा-पा करतात. तेवढीच माझी करमणूक.

बु वार्सियेम केतोप्राक या इथल्या लोकनाट्याच्या मंडळीत तीस वर्षं राणी होत्या. रागीट राणी. रोज रंगमंचावर प्रधानाला ओरडून हाकलायच्या, आणि तो प्रधान म्हणजे हेच जुमादी. पण वर्षभर दुसऱ्या अंकातच घसा आवळायचा, आवाज फाटायचा. मंडळीच्या प्रमुखानं बजावलं, "दवाखान्याचा कागद आणा, नाहीतर राणी दुसरी."

आल्या त्या कमरेत वाकूनच. डॉक्टर लेकीच्या वयाची, पण डॉक्टर. म्हणजे आदराची भाषा आली. आणि आदराची भाषा आमच्याकडे दिवा विझू न देता फुंकर घालावी तशी बोलतात.

"नेहमीच्या आवाजात म्हणा, बु."

"हो, डॉक्टर." पा-पा-पा. त्यानं डासही उडाला नसता.

"आता जरा मोठ्यानं?"

"बरं, डॉक्टर." आणि आणखी हळू.

डॉक्टरही याच मातीतल्या. आईच्या वयाच्या बाईला "ओरडा" कसं म्हणणार? दोघींनी एकमेकींचा मान राखला आणि मी त्या मानाचं माप घेतलं, अगदी दशांशापर्यंत. कागदावर छापून आलं : दोष नाही.

"दोष नाही? मग हा कामचुकारपणा!" प्रमुख म्हणाला. मुकुट दुसरीच्या डोक्यावर गेला. बु वार्सियेम दासी झाल्या. तीन अंकांत एक वाक्य.

गेल्या आठवड्यात जुमादीच त्यांना ओढत घेऊन आले.

"डॉक्टर, रागावू नका, पण तुम्ही भलत्याच बाईला मोजलंत."

"म्हणजे?"

"ही गरीब गाय कोण, मला ठाऊक नाही. माझी राणी मला 'नालायका' म्हणाली की मागच्या रांगेतली पोरं रडायची."

"गप बसा हो," बु वार्सियेम पुटपुटल्या. "डॉक्टरांसमोर काय हे!"

"बघा! मला 'हो' लावते. आजारीच आहे ती!"

डॉक्टर हसल्या, मग त्यांनी जुना कागद काढून पाहिला. "चूक माझी आहे, बु. आता एकदा ओरडाल? माझ्यावरच."

"जीभ झडेल माझी."

तोड जुमादींनी काढली. पोशाख घालून यायचं. पोशाखात वार्सियेम नसते, राणी असते, आणि राणी कुणाच्या बापाला वाकत नाही. तिनं माझ्यात तोंड घालून प्रधानाला मनसोक्त शिव्या द्यायच्या. ते ऐकून बु वार्सियेम पहिल्यांदा हसल्या, तोंडावर हात धरून. गुरुवार सकाळ ठरली. घशाचा ताण मापात सापडला असता तर उपचार सुरू झाले असते, आणि 'कामचुकार' हा शब्द परत घ्यावा लागला असता. जन्मभर कुजबुज चाखलेला मी, मलाही शिव्यांची भूक लागली होती.

जुमादी पुन्हा एकदा माफी मागून गेले. जणू मरण त्यांच्याच हातून घडलं होतं.

 डॉक्टरांनी मला पुसलं आणि पुढच्या रुग्णाच्या, एका मास्तरीणबाईंच्या तोंडावर धरलं.

"बु, वर्गात ओरडता तसं ओरडा. मान नंतर राखू."

बाई ओरडल्या. मी मोजलं. काम चोख झालं.

बु वार्सियेमचा कागद कपाटात आहे. त्यावर अजून 'दोष नाही' असंच लिहिलेलं आहे. तो बदलायचा राहिला.