नात्याचे पाच वजा

मी फळा बोलतोय. शाळेतला नव्हे. शाळेतल्या फळ्याला निदान सुट्ट्या असतात, मी सलूनमधला.

जन्मानं मी कपाटाचं दार. कपाट वाळवीनं गेलं, मी तेवढा धडधाकट उरलो. सलूनच्या मालकांनी मला काळा रंग फासला आणि आरशाशेजारी टांगलं. किल्लीचं भोक अजून माझ्या कडेला आहे. त्यात ते कंगवा खोचून ठेवतात. मला कुणी विचारलं नव्हतं.

आमच्या शहरात बास्केटबॉलची आठ संघांची लीग आहे. प्रत्येक संघात एक पॉइंट गार्ड असतो, म्हणजे चेंडू घेऊन वर येणारा आणि बाकीच्या चौघांना कामाला लावणारा. मालक तरुणपणी त्याच जागेवर खेळायचे, त्यामुळे इतर जागांवरच्या खेळाडूंकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. दर सोमवारी ते या आठ जणांना माझ्यावर गुण देतात. पास, नेम, बचाव, चेंडू सांभाळणं आणि शेवटच्या दोन मिनिटांतलं डोकं, प्रत्येकी दहा. मग बेरीज, मग क्रमांक. गिऱ्हाइकं मान वाकडी करून वाचतात आणि भांडतात. त्यामुळे कित्येकांचे कल्ले आजवर खालीवर झाले आहेत.

मालकांचा शब्द म्हणजे शब्द. खेळाडू स्वतः केस कापायला यायचे ते केवळ माझ्याकडे चोरून बघायला. एकानं बक्कळ गोडगोड बोलून बघितलं. मालकांनी त्याचा एक गुण कमी केला, ‘डोकं’ या रकान्यात.

तेव्हा पहिला क्रमांक एका शांत, लाजऱ्या पोराचा होता. मालकांच्या लेकीनं नेमकं त्याच्याशीच लग्न केलं. लग्नाच्या आठवड्यात तो सातवा झाला.

गिऱ्हाइकं हळहळली. निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, “लग्न मानवलं नाही बिचाऱ्याला.” मालक वस्तऱ्याला धार लावत राहिले. पण मला ठाऊक होतं. त्यांनी आधी चव्वेचाळीस लिहिले होते. मग अंगठ्यानं पुसून एकोणचाळीस केले. पुढचे तीन मोसम दर सोमवारी हेच. रकान्यांतले गुण खरे, बेरीज तेवढी पाचानं कमी. कुणाच्याही लक्षात आलं नाही. माणसं आधी क्रमांक बघतात आणि लगेच वादाला लागतात. बेरीज करायची तसदी कोण घेतो?

गेल्या महिन्यात एका मंगळवारी लेक तरातरा आत आली. ती नर्स आहे. अंगावर कामाचेच कपडे होते. खुर्चीत पोस्टमास्तर तोंडभर फेस घेऊन बसले होते.

“बाबा, तीन सामने झाले, हा बाकावर बसून आहे.”

“कोचचा निर्णय असेल,” मालक म्हणाले.

“मी कोचना विचारलं. हाच त्यांना म्हणाला, मला नको, दुसऱ्याला खेळवा. आणि परवा पुढच्या मोसमाचा संघ ठरतोय. बाकावरच्याला कोण ठेवणार आहे?”

“पण असं का म्हणाला तो?”

“तुमच्यामुळे! म्हणतो, बाबा कुणाला खोटे गुण देत नाहीत. तीन वर्षं ते सातवा म्हणतायत, तर मी सातवाच असणार.”

मालकांचा हात हवेतच राहिला. पोस्टमास्तरांनी फेसातून डोळे मोठे केले. लेक माझ्यासमोर येऊन उभी राहिली. औषधाचा आकडा दोनदा तपासायची तिला सवय. तिचं बोट रकान्यांवरून सरकलं. नऊ, आठ, नऊ, नऊ, नऊ.

“हे चव्वेचाळीस होतात.”

“हो.”

“मग?”

“नात्याचे पाच वजा केले,” मालक खाली बघत म्हणाले. “लोक म्हणाले असते, जावई म्हणून वर चढवला.”

“लोकांना बरं वाटावं म्हणून माझ्या नवऱ्याला खाली ढकललंत?”

मालकांनी मला खिळ्यावरून उतरवलं, बगलेत मारलं आणि चालू पडले. अर्धी दाढी झालेल्या पोस्टमास्तरांनी हाक मारली. हाक आणि दाढी, दोन्ही तशाच राहिल्या. तेवीस वर्षांत मी पहिल्यांदा रस्ता पाहिला. गर्दी फार असते.

सरावाच्या हॉलमध्ये जावई कडेला बसून दुसऱ्यांचे चेंडू गोळा करत होता. मालकांनी त्याच्यासमोर मला उभं केलं, एकोणचाळीस पुसले आणि चव्वेचाळीस लिहिले. पुढे क्रमांक घातला, एक.

जावयानं हातातला चेंडू खाली ठेवला. मग हळूच विचारलं, “बाबा, हे नात्याचे पाच वाढवलेत का?”

मालकांचा चेहरा त्या क्षणी मला बघवला नाही. “नाही हो, जावईबापू,” ते म्हणाले. “तीन वर्षं कापत होतो. चुकलं माझं. तुम्हीच बेरीज करा.”

त्यानं बोटांवर केली. एकदा केली, दोनदा केली. मग उठला, बुटांच्या नाड्या बांधल्या आणि कोचकडे गेला. तो सरावात खेळला आणि दोन दिवसांनी संघातही राहिला.

त्या दिवशी निघताना त्यानं खडू मागितला. माझ्या खालच्या कोपऱ्यात लिहिलं, ‘सासरे : क्रमांक दोन’.

“दोन?” मालक उखडले. “तुम्हाला सासरा मी एकटाच आहे! पहिला कोण?”

“कुणी नाही. नात्याचे वजा केले.”

मालकांनी कोपरा पुन्हा एकदा वाचला. मग इतके हसले की डोळे टिपायला त्यांनी गळ्यातला टॉवेल ओढला. टॉवेल पोस्टमास्तरांचा होता, फेसासकट.

आता मी परत आरशाशेजारी आहे. रंगाचे टवके उडालेत, बिजागरीची भोकं रुंदावलीत. जावई या आठवड्यात चौथा आहे, कारण रविवारी त्यानं चेंडू फार गमावले. वजाबाकी मात्र काही नाही. लेक येता-जाता बेरीज तपासते. माझी विनंती एवढीच आहे. दर सोमवारी मला खुशाल पुसा, पण तो खालचा कोपरा सोडा. पहिली जागा अजून रिकामी आहे, आणि मालक रोज सकाळी दुकान उघडलं की आधी तिकडेच बघतात.