एक जानेवारीला जन्मलेले दोघे

मित्रांनो, मी एक जुना दुवा आहे. संगणकाच्या पडद्यावर निळ्या अक्षरांत दिसतो, तेवढाच. एका बाजूला हरवलेल्या माणसांची यादी, दुसऱ्या बाजूला एका इस्पितळाची यादी. त्या दोन याद्यांतल्या दोन नोंदींच्या मधे उभा राहून मी सांगतो, की हा आणि तो माणूस एकच.

माझा जन्म एका कचेरीत, खिडकीजवळच्या टेबलावर झाला. तिथल्या बाई दिवसभर अशा याद्या जुळवत. नाव, वय, जन्मतारीख जुळली तरी त्या आधी इस्पितळात फोन करत, खाणाखुणा विचारत आणि मगच दुवा जोडत. माझ्या थोरल्या भावंडांमुळे कितीतरी माणसं घरी पोचली.

माझ्या वेळी मात्र फोन राहिला. केस कापायला म्हणून गेलेला एक विसराळू गृहस्थ परतलाच नव्हता. त्याच्या थोरल्या बहिणीने त्याचं नाव यादीत घातलं होतं. इस्पितळात त्याच नावाचा, त्याच वयाचा एक रुग्ण होता. दोघांची जन्मतारीखही एक जानेवारी. फोन लागेना, टेबलावर कामाचा ढीग. नंतर करू म्हणत बाईंनी मला जोडून टाकलं. खरी तारीख ठाऊक नसली की सगळीकडे एक जानेवारीच लिहितात. बाईंनी स्वतः शेकडो वेळा लिहिली होती, पण त्या दिवशी लक्षात आलं नाही.

माझं भारी कौतुक झालं. त्या गृहस्थाच्या नावापुढे ‘सापडला’ असं आलं, इतर संकेतस्थळांनी मला जसंच्या तसं उचललं, चौकातले त्याचे फोटो उतरले. मी शेफारलो होतो, खोटं कशाला बोलू?

इस्पितळ परगावी होतं; सहाव्या दिवशी बहीण धुतलेला सदरा घेऊन तिथे पोचली. खाटेवरच्या माणसाकडे तिने बराच वेळ पाहिलं, त्याचं पांघरूण नीट केलं आणि बाहेर येऊन बाईंना फोन लावला.

“बाई, हा माझा भाऊ नाही. मग सहा दिवस त्याला कुणीच शोधत नव्हतं का?”

“नव्हतं,” बाई म्हणाल्या. “चूक माझी आहे. मी फोन केला नाही.”

बाईंनी मला तत्काळ तोडलं. पण माझ्या नकला ठिकठिकाणी राहिल्या. त्या पुसा म्हणून बाई रोज पत्रं लिहितात, कुणी दाद देत नाही. परवा बहीण फोटो घेऊन एका बेकरीत गेली. बेकरीवाला ओशाळला. म्हणाला, “कालच आले होते. नाव सांगितलं, मी शोधून पाहिलं, तर सापडले म्हणून लिहिलेलं. म्हटलं, घरचे जवळपास असतील. पाव दिला आणि जाऊ दिलं.”

ते ऐकून मला माझीच शरम वाटली. मित्रांनो, दोन माणसांना एक म्हणण्याआधी एकदा विचारा. फोन लागला नाही तर पुन्हा लावा. तो बिचारा अजून कुठेतरी चालतो आहे, आणि जो कुणी त्याचं नाव शोधेल त्याला मी अजूनही सांगतो आहे, की काळजी नको, तो सापडला.