तेरा तोफांचा माणूस

ओपलने टाइपरायटरच्या रुळातून कागद ओढून काढला, चुरगाळून टोपलीत टाकला आणि नवा चढवला. एकाच परिच्छेदात 'पराक्रम' हा शब्द तीनदा आला होता. त्यातला एक तिने गुपचूप गाळला होता, आणि वाचून दाखवताना तो नेमका पकडला गेला. जनरल ड्रूरींचे डोळे अधू झाले होते, छापील अक्षर त्यांना आता लागत नसे. पण आपल्या कौतुकातला एक शब्द कमी झालेला त्यांना ऐकूनही कळे.

"तीनदा म्हटलं की तीनदा," ते म्हणाले. "तुमचं काम टाइप करायचं, बाई."

"हो, जनरलसाहेब."

तिने तीनदा टाइप केला.

सॅन अँटोनियोच्या उत्तरेला लष्करातल्या निवृत्त अधिकाऱ्यांसाठी आणि त्यांच्या विधवांसाठी जे निवासगृह होतं, तिथे जनरल ड्रूरी मार्चमध्ये राहायला आले. आल्याच्या तिसऱ्या दिवशी फलकावर चिठ्ठी लागली. तोफखान्याच्या संग्रहालयाने आपल्याला आत्मचरित्र मागितलं आहे, हात थरथरतो, तरी टाइप करणारं कुणीतरी हवं. ओपल ट्रॅस्क बावीस वर्षं एका कोठाराच्या कचेरीत टाइपिस्ट होती. तिने त्याच दुपारी जाऊन होकार दिला. तिचं नाव त्यांनी विचारलंही नाही.

शेजारच्या खोलीतली लुसिल तिच्यावर उखडली. लुसिलचा नवरा पायदळात कर्नल होता आणि तोफखान्याबद्दल तिचं मत नवऱ्याच्या वेळेपासूनच वाईट होतं.

"वेड लागलंय का तुला?" ती म्हणाली. "त्या माणसानं तुझं घर काढून घेतलं होतं, ओपल. तूच मला सतरा वेळा सांगितलंयस."

"म्हणूनच," ओपल म्हणाली.

घराची गोष्ट खरी होती. एकोणीसशे एकोणचाळीस साल. तेव्हा लष्करात अशी रीत होती की नवा अधिकारी छावणीत आला की त्याने आपल्यापेक्षा खालच्या हुद्द्याच्या कुणाच्याही घराकडे बोट दाखवावं आणि त्या माणसाने मुकाट्याने ते खाली करावं. घर गेलेला मग आपल्याहून खालच्याचं घर मागे, तो त्याच्याहून खालच्याचं, आणि आठवडाभर सगळ्या छावणीभर खाटा-कपाटांची वरात निघे. चांगले अधिकारी ही रीत वापरत नसत. रिकामं असेल ते घर घेत. ओक्लाहोमातल्या त्या छावणीत तेव्हा दोन घरं रिकामी होती. कॅप्टन ड्रूरींनी ती पाहिलीसुद्धा नाहीत. ओपलचा नवरा लेफ्टनंट एमेट ट्रॅस्क, त्याच्या घराचा ओटा संचलनाच्या मैदानाकडे होता, आणि कमांडर रोज सकाळी घोड्यावरून तिथूनच जात. तेवढं ड्रूरींना पुरलं. त्यांची मुलगी नॅन तेव्हा दहा महिन्यांची होती, डांग्या खोकल्याने निळी पडत होती. ओपलने तिला कडेवर घेऊन भांडी बांधली. मागच्या अंगणात तिने शतावरीचा वाफा केला होता. भाजीची शतावरी लावली की दोन वर्षं तिला हात लावायचा नसतो, तिसऱ्या वर्षी कोंब खायचे. ते तिसरं वर्ष होतं. मिसेस ड्रूरींनी पुढे एका चहापानाला तिला हसत सांगितलं की त्या घरामागे आपोआप शतावरी उगवते.

गेले सात आठवडे ओपल त्या माणसाची कारकीर्द टाइप करत होती, आणि रोज तिला नव्याने आश्चर्य वाटत होतं की खांद्यावर जनरलचे दोन तारे मिळवायला इतकं कमी लागतं. कारकिर्दीची सुरुवात झाली ती एका म्हाताऱ्या जनरलचा रेनकोट सांभाळण्यापासून. चार वर्षं सांभाळला. मग पोलोचे दिवस आले. तोफा घोडे ओढत तो काळ, प्रत्येक छावणीत पोलो असे, आणि ड्रूरी उत्तम खेळत. इतके उत्तम, की कमांडरविरुद्ध कितव्या मिनिटाला घोडा थोडा मागे खेचायचा हे त्यांना अचूक समजे. हे ते स्वतःच सांगत, युक्ती म्हणून. मग लढाई, मग वॉशिंग्टनमधलं टेबल, त्याहून मोठं टेबल. निवृत्तीच्या दिवशी दोन ताऱ्यांच्या मानाची तेरा तोफांची सलामी ठरली होती, त्यातली एक उडालीच नाही. त्या न उडालेल्या तोफेवर त्यांनी तीन पानं सांगितली होती. चौकशी व्हायला हवी होती, असं शेवटचं वाक्य होतं.

पुस्तकाचं नाव त्यांनी 'तोफांच्या तोंडाशी' असं ठरवलं होतं. ओपलने ते जेवणाच्या टेबलावर सांगितलं तेव्हा लुसिलने पीचचा तुकडा चमच्यावर तसाच धरला.

"तोफांच्या तोंडाशी," ती म्हणाली. "माझा नवरा सांगायचा, ड्रूरी कुठंय ते शोधायचं असेल तर पाच मैल मागं जा आणि जिथं गरम कॉफी मिळेल तिथं थांब."

ओपल हसली. पण तिचं लक्ष दुसरीकडे होतं. लढाईची प्रकरणं जवळ आली होती, आणि ती हे काम करायला आली होती ती त्यातल्या एका दिवसासाठी. लुसिललाही तिने ते सांगितलं नव्हतं.

चव्वेचाळीसच्या जानेवारीत, इटलीतल्या एका डोंगरधारेवर, कॅप्टन एमेट ट्रॅस्कच्या तोफांचे पाच गोळे आपल्याच पायदळावर पडले. अकरा माणसं गेली. कागदोपत्री कारण असं की कॅप्टनने नकाशावरचा आकडा चुकीचा वाचला. कागदावर एमेटची सही होती. खटला झाला नाही, शिक्षा झाली नाही. फक्त त्यानंतर त्याला कुणी तोफेजवळ उभं केलं नाही. युद्ध संपेपर्यंत त्याने तंबू आणि ब्लँकेटं मोजली, आणि नंतरची चौदा वर्षंही तेच केलं. ड्रूरी तेव्हा कर्नल होते, एमेटचे वरिष्ठ. त्यांच्या आत्मचरित्रात तो दिवस येणार हे नक्की होतं, आणि त्यात एमेटचं नाव येणार हेही. नॅनचा मुलगा त्याच तोफखान्यात नुकताच लेफ्टनंट झाला होता. त्या संग्रहालयात तो आपल्या सैनिकांना घेऊन जाई. आपल्या आजोबांचं नाव त्याने तिथल्या कपाटात, अकरा प्रेतांच्या शेजारी वाचावं, हे ओपलला होऊ द्यायचं नव्हतं. नाव आलं की ती गाळणार होती. तयार पानं दर शुक्रवारी तीच पाकिटात घालून संग्रहालयाला पाठवी. कौतुकाचा शब्द जनरलसाहेबांनी पकडला असता. दुसऱ्याचं नाव ते पकडणार नव्हते.

तो दिवस बुधवारी सकाळी आला. जनरलसाहेब खिडकीशी बसले होते, गुडघ्यावर चौकटीची शाल. बाहेर माळी गवत कापत होता.

"धुकं दाट होतं," त्यांनी सांगायला सुरुवात केली. "शत्रूच्या हालचालींची माहिती अपुरी होती. अशा परिस्थितीत एका कनिष्ठ अधिकाऱ्याच्या नकाशावाचनातील चुकीमुळे काही गोळे आपल्या हद्दीत पडले व किरकोळ हानी झाली."

ओपलची बोटं 'किरकोळ'वर थबकली आणि पुढे गेली.

"त्या अधिकाऱ्याचं नाव घालायचं का, जनरलसाहेब?"

"नाव," ते म्हणाले. त्यांनी छताकडे पाहिलं. "काय बरं होतं. टेट? टॅल्बट? बुटका होता, वेस्ट व्हर्जिनियाचा."

एमेट सहा फूट होता आणि कॅन्ससचा होता.

"जाऊ द्या," ते म्हणाले. "नावाची गरज नाही."

ओपलने श्वास सोडला. सात आठवडे तिने ज्याची तयारी केली होती ते तिला काहीच न करता मिळालं होतं. तिने पूर्णविराम दिला आणि रूळ एक ओळ वर सरकवला.

जनरलसाहेब मात्र शाल सारखी करत हसले. कॉफी पिताना पोलोची युक्ती सांगत तेव्हा हसत, तसंच.

"आता हे टाइप करू नका," ते म्हणाले. "पण खरं सांगायचं तर चूक त्याची नव्हतीच. फोनवर आकडा मीच सांगितला. सत्तेचाळीसच्या जागी चौऱ्याहत्तर, की उलट, काहीतरी. तोफखान्यात रीत असते, वरून आकडा आला की खालच्यानं तो परत म्हणून दाखवायचा. त्यानं म्हटला. वर विचारतो काय, साहेब, तिथं आपली माणसं आहेत ना? मी म्हटलं, हलली आहेत. त्यानं पुन्हा विचारलं. मला तर त्याचा रागच आला. मी म्हटलं, आकडा सांगणं माझं काम, डागणं तुझं."

ओपलने हात मांडीवर ठेवले होते.

"मग?"

"मग डागले त्यानं. संध्याकाळी मी त्याला बोलावून घेतलं. माझ्या ताऱ्याची शिफारस त्याच आठवड्यात गेली होती. मी त्याला स्वच्छ सांगितलं, कुणाच्या तरी नावावर हे जाणारच. तू सही करत नसशील तर तुझ्याकडे फोनवर बसणारा शिपाई आहे, आकडा त्यानं लिहून घेतला, त्याच्या नावावर जाईल, आणि शिपायाला कोण सोडतंय? त्यानं कागद मागितला. उभ्या उभ्या सही केली, पेनही माझंच." जनरलसाहेबांनी मान हलवली. "भला माणूस होता. पथकाचं हित कशात आहे हे कळणारा. असा अधिकारी मिळणं हेच नेतृत्व. मंगळवारी मला तारा मिळाला."

माळ्याचं यंत्र खिडकीखाली आलं आणि पुढे गेलं.

सेहेचाळीस साली एमेट घरी आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात उभं राहून त्याने तिला सांगितलं होतं. चूक माझी होती, एवढंच. ती बटाटे सोलत होती. ती म्हणाली होती, असू दे, होतात चुका. आणि चांगली वागली होती, असंच तिला आजवर वाटत होतं. घर सोडलं नाही, टोमणा मारला नाही, नोकरी धरली. फक्त न्यू मेक्सिकोला जाताना, नॅन मागच्या सीटवर असताना, त्याने गाडी बाजूला घेऊन नकाशा उलगडला तेव्हा तिने हात पुढे केला होता. दे इकडे, तुझ्या हातात नको. एमेटने नकाशाची नीट घडी केली आणि तिच्याकडे दिली. त्यानंतर पंचवीस वर्षं, तो जाईपर्यंत, घरातले सगळे नकाशे तिच्याकडे असत. पत्ते, वेळापत्रकं, बँकेची कागदपत्रं, सगळंच हळूहळू तिच्याकडे आलं. लोक म्हणत, ओपल सगळं सांभाळते. तीही तसंच म्हणत असे, एमेटच्या देखत.

"मला एकच धास्ती होती," जनरलसाहेब सांगत होते. "तो बायकोला सांगेल आणि ती बोंबलत फिरेल. त्या काळच्या बायका तुम्हाला माहीत आहेत. एकेकीनं थेट सिनेटरना पत्रं लिहिलीत. पण काही झालं नाही. बहुतेक लग्न झालेलंच नसावं."

"झालेलं होतं," ओपल म्हणाली.

"म्हणजे तुम्ही ओळखता त्याला?"

"बायकोला ओळखते."

"अच्छा." त्यांनी मान तिच्याकडे वळवली, अर्धवट, आवाज येत होता त्या दिशेने. "मग तिला काय सांगितलं त्यानं?"

"चूक माझी होती, असं."

"आणि तिनं काय केलं?"

ओपलने कागदाची कड सरळ केली.

"तिला लगेच पटलं," ती म्हणाली.

जनरलसाहेबांनी समाधानाने मान डोलावली. शहाणी बाई म्हणायची, ते म्हणाले, नवऱ्यावर असा विश्वास हल्लीच्या बायकांत राहिला नाही. मग त्यांनी शाल गुडघ्यावर ओढून घेतली, घसा साफ केला आणि पहिल्या ताऱ्याचा समारंभ सांगायला लागले. कोणता बँड होता, कोणत्या सिनेटरने हस्तांदोलन केलं, गणवेश कुठे शिवला.

ओपल टाइप करत होती. समारंभाचं काहीच नाही. टाइप करू नका म्हणून त्यांनी सांगितलेलं ती पहिल्या शब्दापासून घेत होती, त्यांच्याच वाक्यांत, दोन्ही आकडे आणि पेनसुद्धा. बँड वाजून गेला, सिनेटर गाडीत बसले, आणि जनरलसाहेब बोलायचे थांबले तरी कळा वाजतच राहिल्या.

"फार वेळ लावताय आज," ते म्हणाले. "एवढं काय आहे त्यात?"

"नाव राहिलं होतं," ओपल म्हणाली, आणि 'कॅप्टन एमेट ट्रॅस्क' पूर्ण टाइप करून तिने कागद बाहेर काढला.