पोटाचं निमित्त

साडेअकरा वाजले की खानावळीच्या दारावरची जाळी वर जायची आणि थोरल्या बाई मोठ्या पातेल्यामागे उभ्या राहायच्या. हातात डाव, कपाळावर आठी. नऊ बाक, एकेका बाकावर सहा माणसं. पस्तीस वर्षांत इथून एकही माणूस अर्धपोटी उठला नाही, हे त्या इतक्यांदा सांगायच्या, की नेहमीची गिऱ्हाईकं ते वाक्य त्यांच्या आधीच पूर्ण करायची.

या घराचा एक नियम होता. शेवटचं गिऱ्हाईक उठून शेवटचा बाक पुसून होईपर्यंत घरच्या बायकांनी घास घ्यायचा नाही. मग चार वाजता, तळाशी उरेल ते. हा नियम थोरल्या बाईंना त्यांच्या सासूनं घातला, त्यांनी सुनेला घातला, आणि नात हाताशी आली तसा तिच्याही गळ्यात पडला. कुठं लिहिलेला नव्हता. लिहिलेला असता तर कुणी खोडला तरी असता.

नातीला सगळे भिंगरी म्हणायचे. पाण्याचा जग घेऊन बाकांमधून गरगर फिरायची म्हणून. वय पंधरा. दारातल्या फळ्यावर रोजचं जेवण रंगीत खडूनं लिहायचं काम तिचं. भोपळा असेल तर कडेला हसरा भोपळा काढायची. गेले तीन आठवडे मात्र फळ्याला कुणी हात लावला नव्हता.

"बाई, फळ्यावर वाटाणा आणि ताटात भोपळा," टपालवाले काका म्हणाले. "पत्ता वाचून आलो आणि घर भलतंच निघालं."

"वाटाणा तुम्ही तीन आठवड्यांपूर्वीच दोन वाट्या जास्त खाल्लात. आता गिळा मुकाट्यानं."

"आणि आपली भिंगरी कुठंय?"

"पोट बिघडलंय तिचं," थोरल्या बाई म्हणाल्या आणि पातेल्यावर डाव जरा जोरात आपटला.

पोट बिघडलं नव्हतं. दहा दिवसांपूर्वी वर्गशिक्षिकेनं सुनेला शाळेत बोलावून घेतलं होतं. मुलगी बाकावर डोकं टेकून पडून राहते, कुणाशी बोलत नाही, आणि गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर तिनं लिहिलं होतं, 'मी नसले तरी कुणाचं काही अडणार नाही.' सून ती वही आणि मुलीला घेऊन थेट दवाखान्यात निघाली. थोरल्या बाईही निघाल्या. सुनेला एकटीला कुठं सोडायची त्यांची पद्धत नव्हती.

डॉक्टरीण वयानं लहान, पण घाईतली नव्हती. आधी भिंगरीशी एकटीशी बोलली, मग या दोघींना आत घेतलं.

"हा नैराश्याचा आजार आहे. आळस नाही, नखरे नाहीत. रोज सकाळी एक गोळी, आणि दर गुरुवारी समुपदेशक ताईंशी बोलायला आणायचं. सध्या तिला एकटीला ठेवू नका. जेवते कधी ही?"

"चार वाजता," सून म्हणाली.

"आणि सकाळी?"

"चहा," सून म्हणाली.

"वेळेवर जेवू द्या. ताजं, माणसांत बसून. भाज्या, डाळी, फळं, दही. सकाळच्या उन्हात अर्धा तास चालू दे. झोपताना फोन दुसऱ्या खोलीत. पोटाचा आणि मनाचा आतून संबंध असतो, त्यानं मदत होईल. पण नुसत्या दह्यानं हा आजार जात नाही, एवढं ध्यानात ठेवा." कागदावर लिहिता लिहिता तिनं विचारलं, "घरात आधी कुणाला असं काही?"

"नाही," थोरल्या बाई म्हणाल्या. इतक्या चटकन, की डॉक्टरणीचं लिहिणं थांबलं.

घर येईतो थोरल्या बाईंचं ठरलंसुद्धा. एवढ्या बोलण्यातून त्यांनी निवडून पोट तेवढं उचललं.

"पोटाचं आहे म्हणून सांगायचं," त्यांनी सुनेला बजावलं. "मनाचं म्हटलंस की वेडी म्हणतील पोरीला. मग आपल्या हातचं कोण जेवेल? आणि उद्या हिला पदरात कोण घेईल? गोळ्या माझ्याकडे दे, मी देत जाईन."

पाकीट मिठाच्या बरणीमागे गेलं. आपल्या हाताला गुण आहे, चार दिवस नीट खाल्लं की पोरगी उभी राहील, अशी त्यांची खात्री. नीट खायचं ते मात्र चार वाजताच, बाक पुसून झाल्यावर. नातीसाठी नियम मोडला तर नियम कसला?

एकदा पोट म्हटल्यावर गल्ली पोटाचे उपाय घेऊन दारात आली. कुणी काढा आणला, कुणी चूर्ण. तिसऱ्या बाकावर जेवणाऱ्या शिलाईवाल्या मावशी म्हणाल्या, "माझ्या भावाचं अस्संच होतं बघा. तीन दिवस लंघन करा. नुसतं भाताचं पाणी. आतड्याला विसावा मिळाला की पोरगी हरणासारखी पळेल."

डॉक्टरीण काय म्हणाली ते थोरल्या बाईंना पक्कं आठवत होतं. पण नको म्हणायचं तर का नको, तेही सांगावं लागलं असतं. त्यांनी भाताचं पाणी काढून ठेवलं.

दररोज पन्नासांवर माणसं तृप्त करणाऱ्या घरात पंधरा वर्षांची मुलगी तीन दिवस भाताच्या पाण्यावर राहिली. तिनं कुरकुर केली नाही. आपल्याला काही मिळावं असं तिला वाटतच नव्हतं, आणि आता घरानंही त्याला मान डोलावली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी भांड्यांच्या मोरीपाशी ती कोसळली. मुलीचा बाप, म्हणजे थोरल्या बाईंचा स्वयंपाकी मुलगा, चुलीपुढून धावत आला, तिचं डोकं मांडीवर घेतलं. पाण्यात घालायला मीठ हवं म्हणून सुनेनं बरणी ओढली, तर मागून पाकीट पडलं. एकही गोळी फोडलेली नव्हती.

"आई, या तुम्ही देत होतात ना?"

"हळू बोल. बाहेर माणसं आहेत."

"माणसं जेवतायत. माझी पोर जमिनीवर पडलीय." सुनेचा आवाज चढला नाही, म्हणूनच तो जास्त लागला. "नणंदबाईंनाही पोटाचंच होतं ना, आई?"

थोरल्या बाईंनी खानावळीकडचं दार लोटून घेतलं.

मुलगा खालमानेनंच बोलला. "मी बारा वर्षांचा होतो. तू मला दारात उभं केलंस आणि शिकवलंस, ताईचं कुणी विचारलं तर पोट सांगायचं. मी शाळेतसुद्धा तेच सांगितलं."

थोरल्या बाईंची लेक सतरा वर्षांची होऊन गेली. तीही अशीच गप्प होत गेली होती, तिचंही ताट चारपर्यंत थांबायचं. एका सकाळी तिनं जीव दिला. शेजारीपाजारी गोळा व्हायच्या आत थोरल्या बाईंनी कारण तयार ठेवलं होतं. कुणी जास्त विचारलं नाही. पोटाबद्दल कोण जास्त विचारतं?

त्याच दुपारी भिंगरीला पुन्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टरणीनं सगळं ऐकून घेतलं आणि थोरल्या बाईंकडे एकदा पाहिलं. मग गोळ्यांचं पाकीट सुनेच्या हातात दिलं.

दोन दिवसांनी, साडेबारा वाजता, खानावळ खचाखच भरलेली असताना सून मुलीचा हात धरून बाहेर आली. तिसऱ्या बाकावर शिलाईवाल्या मावशींना तिनं जरा सरकायला सांगितलं. मुलीला बसवलं, स्वतः तिच्या शेजारी बसली आणि दोन ताटं पुढं ओढली. त्या बाकावर घरची बाई पहिल्यांदाच बसत होती. सगळ्यांचे हात थबकले.

"काय गं भिंगरे, पोट कसंय आता?" टपालवाल्या काकांनी समोरून विचारलं, मायेनंच.

भिंगरीनं आईकडे पाहिलं. मग ताटाकडे बघत म्हणाली, "पोटाला काही झालेलं नाही, काका. मनाचा आजार आहे. गोळ्या चालू आहेत."

शिलाईवाल्या मावशींनी आपलं ताट दोन बोटं अलीकडे ओढून घेतलं. कडेचा एक जण हात न धुताच उठला. सगळे थोरल्या बाईंकडे बघू लागले. पोरगी तापात बरळतेय, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. वाक्य जिभेवर आलंही होतं. ते तिथं पूर्वीपासूनच होतं.

थोरल्या बाईंनी डाव खाली ठेवला.

"ती खरं बोलतेय," त्या म्हणाल्या. "आणि माझी लेक पोटानं गेली म्हणून तुम्हाला सांगत आले, ते खोटं होतं. ती आतून खचली होती आणि मी तिला बाक पुसायला लावत होते. ज्यांना आमच्या हातचं नको असेल त्यांनी उठावं. दार उघडंच आहे."

चौघं उठले. शिलाईवाल्या मावशी त्यांत होत्या. त्या पुन्हा आल्या नाहीत. मुलानं चुलीपाशी जाऊन दह्याची वाटी भरली आणि लेकीच्या ताटाशेजारी आणून ठेवली.

भिंगरी बरी झाली, असं लिहून टाकायला कुणाचं काय जातं? पण तसं झालेलं नाही. गोळी चालू आहे, गुरुवार चुकत नाही. सकाळी ती उन्हात चालते आणि मागून आजी गुडघ्यांना शिव्या देत येते. काही दिवशी उठतच नाही. तेव्हा थोरल्या बाई वाटी घेऊन उशाशी बसतात आणि तोंड बंद ठेवतात. तेवढं त्यांना आयुष्यात सगळ्यात जड जातं.

फळा अजून भिंगरीनं हातात घेतलेला नाही. जुना वाटाणा थोरल्या बाईंनीच पुसला. दुसरीतच शाळा सुटलेल्या हातानं, वाकड्यातिकड्या अक्षरांत त्यांनी लिहिलं: साडेबाराला घरच्या बायका जेवतील. गिऱ्हाइकांनी सरकून घ्यावं.

लोक सरकतात. जरा अंग चोरलं की तिसऱ्या बाकावर दोन माणसांची जागा सहज होते. बाक तेच आहेत, पस्तीस वर्षांपूर्वीचे. तेव्हाही तेवढी जागा होत होती. रोज दुपारी वाढताना थोरल्या बाईंना ती दिसते.