करंडकांच्या कपाटाची पाठ

मी एक जुनं, काचेच्या दारांचं कपाट आहे. आयर्लंडमध्ये, एनिसपासून थोड्या अंतरावरच्या एका गावात, सरकारी माध्यमिक शाळेच्या मुख्य दारातून आत आलं की उजव्या हाताला मी उभा असायचो. इथले लोक कपाटाला प्रेस म्हणतात. माझ्या पोटात करंडक, ढाली, पदकं आणि टाय घातलेल्या मुलामुलींचे फोटो होते. शाळेचं नाव मी सांगणार नाही. तिची व्हायची तेवढी शोभा झाली आहे. आता मी सायकलींच्या शेडमध्ये आहे आणि पुढच्या आठवड्यात मला भंगारात काढणार आहेत. तेव्हा मित्रांनो, कोणाचं मन राखून बोलायचं मला काही कारण उरलेलं नाही.

आयरिश कपाट मराठीत कसं काय बोलतं, असं तुम्ही विचाराल. अहो, गेली कित्येक वर्षं मराठी आईबाप माझ्यासमोर उभे राहून इतकं बोलत आले आहेत की भाषा कानावर पडून पडूनच मला येऊ लागली. काचेला नाक लावून ते फोटोखालची नावं वाचतात, एखादं आपल्याकडचं आडनाव सापडलं की खूश होतात आणि शेजारी उभ्या असलेल्या आपल्या मुलाला कोपराने ढोसतात. ते मूल बिचारं बुटाकडे बघत असतं.

माझा जन्म याच शाळेच्या सुतारकामाच्या खोलीत झाला. त्या काळात ही शाळा कोणालाच नको असायची. ऐपतदारांची मुलं ख्रिस्ती ब्रदर्सच्या शाळेत जात, मुली नन्सच्या कॉन्व्हेंटमध्ये. उरलेसुरले सगळे इथे. गावात हिला नुसतं ‘टेक’, म्हणजे टेक्निकल, म्हणत आणि म्हणताना तोंड वाकडं करत. मुलांनी रंधा मारायला आणि वेल्डिंग करायला शिकायचं, मुलींनी स्वयंपाक आणि टायपिंग. क्विन नावाच्या सरांनी एका बंद पडलेल्या गिरणीच्या पाइनच्या फळ्या मिळवल्या आणि तुमच्याएवढ्या पोरांकडून मला बनवून घेतलं. त्या पोरांना घरीदारी ‘याला डोकं नाही’ म्हणून ऐकवलं जायचं. माझे सांधे मात्र त्यांनी असे बसवले की आजही एक फळी हलत नाही. माझ्यात पहिली वस्तू ठेवली तीही त्यांच्यापैकीच एकाने केलेली होती, बक्षीस मिळालेला एक लाकडी वाडगा.

पुढे शॅननला विमानतळाजवळ कारखाने निघाले. त्यांना गणित येणारी माणसं हवी होती. नन्स म्हाताऱ्या झाल्या, कॉन्व्हेंट बंद पडलं, मुली इकडे आल्या. गणिताच्या एका बाईंनी शाळा सुटल्यावर हट्टाने जादा तास घेतले. निकाल चढू लागला. मग विज्ञान आणि गणिताची खास तुकडी निघाली आणि बघता बघता जिल्हाभरातून बसमधून मुलं येऊ लागली. सरकारी शाळा असल्यामुळे परीक्षा घेऊन मुलं निवडता येत नाहीत, म्हणून जागांपेक्षा अर्ज जास्त झाले की चिठ्ठ्या टाकतात. इथपर्यंतची गोष्ट मी कोणालाही आनंदाने सांगेन.

त्यानंतरचं आठवलं की मला शिसारी येते. आधी तो लाकडी वाडगा गेला. नव्या मुख्याध्यापिका मिसेस हेहिर म्हणाल्या की तो आता शाळेला शोभत नाही. त्याच्या जागी एक चकचकीत पाटी आली, तिच्यावर किती मुलं मेडिकलला गेली, किती इंजिनीअरिंगला, एवढंच. इथे शेवटच्या वर्षाला लीव्हिंग सर्टची परीक्षा असते आणि तिच्या गुणांना पॉइंट्स म्हणतात. माझ्यासमोर उभं राहून माणसं पॉइंट्सशिवाय दुसरं काही बोलेनाशी झाली. कोणाची आई आजारी आहे, कोण रात्रभर झोपलं नाही, हे कोणी कोणाला विचारायचं नाही. मला अक्षरशः उबग आला. दर सोमवारी माझ्या काचा लिंबाच्या वासाच्या फवाऱ्याने लख्ख पुसल्या जायच्या. त्या गोड वासानेसुद्धा मला मळमळायचं, कारण माझ्या पाठीला दुसराच वास येत होता.

माझ्या मागची भिंत ओली होती. बाहेर छपराची पन्हळ फुटलेली होती आणि पावसाचं पाणी वर्षानुवर्षं त्याच भिंतीत मुरत होतं. दर ऑगस्टमध्ये भिंतीला पांढरा रंग फासायचे, ऑक्टोबरअखेरच्या हॅलोविनच्या सुट्टीपर्यंत खालून काळं वर यायचं. बुरशी हो. आधी ठिपके, मग डाग, मग तिला लव फुटली. ती माझ्या पाठीच्या फळीवर चढली आणि सांध्यांत शिरली. ओले मोजे डब्यात घालून आठवडाभर विसरावेत, तसा तो वास. पुढून माझ्यात चांदी चमकायची आणि मागून मी सडत होतो. पन्हळ दुरुस्त करायला कोणाला सवड नव्हती. त्याच सुमारास प्रवेशदारावर शाळेच्या यशाची नवी झगझगीत पाटी मात्र लागली.

आता शर्वाणीबद्दल सांगतो. ती पंधरा-सोळा वर्षांची, चौथ्या वर्षात शिकणारी मुलगी. तिचे वडील शिरीष पुण्याचे, शॅननच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करणारे. शर्वाणीला मराठी सगळं समजतं, पण ती उत्तर नेहमी इंग्रजीत देते, तेही इथल्या क्लेअर जिल्ह्याच्या अस्सल हेलात. तिची धाकटी बहीण सानिका पुढच्या वर्षी या शाळेत यायची होती. सानिकाला ओल सोसत नाही. छाती भरून येते, घशातून शिट्टी वाजते. दम्याचा निळा पंप तिच्या खिशात कायम असतो.

शाळेत दर ऑक्टोबरला एक खुली संध्याकाळ असते. नवे पालक येतात, मुख्याध्यापिका भाषण करतात, चौथ्या वर्षाची मुलं त्यांना शाळा फिरवून दाखवतात. त्याच्या आदल्या आठवड्यात शर्वाणी माझे करंडक पुसत होती. पुसून वर ठेवलेलं एक पदक माझ्या मागे पडलं. तिने माझ्या आणि भिंतीच्या मधे हात घातला आणि तो मनगटापर्यंत काळा होऊन बाहेर आला. तिने हाताचा वास घेतला आणि तोंड फिरवलं. इतक्या वर्षांत माझी किळस दुसऱ्या कोणाच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा पाहिली, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

ती तडक मिसेस हेहिरकडे गेली. त्यांनी येऊन पाहिलं. खुली संध्याकाळ होऊन जाऊ दे, मग रंगाचा एक हात मारू, असं त्या म्हणाल्या. डाग आता माझ्या बाजूने बाहेर डोकावत होता, म्हणून तेवढा झाकायला हवा होता. आणि इथे शिरीष पुढे आले.

माणूस वाईट नाही हो. पालकांच्या मंडळात खुर्च्या उचलण्यापासून चहा देण्यापर्यंत सगळीकडे ते हजर असतात. घरच्या गणपतीची आरास इतकी सुंदर करतात की आयरिश शेजारीसुद्धा बघायला येतात. नुकताच गणपती झाला होता. आराशीचा सोनेरी काठाचा पिवळा पडदा त्यांच्याकडे इस्त्री करून ठेवलेला होता. आपल्याकडे पाहुणे येणार म्हटलं की कोपऱ्यातला पसारा चादरीखाली जातो आणि पोपडे आलेल्या भिंतीवर कॅलेंडर लागतं. शिरीषना त्यात वावगं काहीच दिसलं नाही. त्यांनी आधी दोघातिघांना हाताशी घेऊन मला सरकवून डागापुढे नीट बसवलं, मग तो पडदा माझ्या मागून दोन्ही बाजूंना ताणून लावला आणि वर कागदी फुलांची माळ सोडली. मिसेस हेहिर ग्रँड, ग्रँड, म्हणजे छान, छान, म्हणत निघून गेल्या. मी नवरदेवासारखा सजलो होतो आणि मला ओकारी येत होती.

शर्वाणी शिडी धरून उभी होती. तिने सांगितलं की या भिंतीच्या पलीकडे पहिल्या वर्षाची विज्ञानाची खोली आहे. सानिका तिथेच बसणार आहे.

“आत्ता कोणाला दुखवायचं नाही,” शिरीष म्हणाले. “आधी तिची अॅडमिशन होऊ दे. एकदा आत गेली की मग बघू.”

“इट्स अ लॉटरी, बाबा. दे डोन्ट केअर हू यू आर.”

“लॉटरीची चिठ्ठीसुद्धा माणूसच उचलतो ना.”

मला हसावं की रडावं कळेना. इथे खरोखर चिठ्ठ्याच टाकतात. सगळ्यांच्या देखत टाकतात. पण या गृहस्थाच्या मनातून ओळख आणि मर्जी काही जात नव्हती. शर्वाणी मग हळू आवाजात म्हणाली की गणपतीत घरीही हाच पडदा होता आणि त्याच्यामागेही हेच काळं होतं, घरमालक वाईट वाटून घेईल म्हणून आपण काही बोललो नाही. सगळे दिवस सानिका आरतीला खोकत होती. शिरीषनी माळेचं एक फूल सरळ केलं आणि शिडी उचलून नेली. त्या क्षणी मला बुरशीपेक्षा त्यांचा जास्त तिटकारा आला.

खुल्या संध्याकाळी बाहेर पाऊस आणि आत माणसंच माणसं. सगळ्यांचे कोट ओले आणि हीटर तापवून ठेवलेले. उबेने माझ्या पाठीचा वास उठला. मिसेस हेहिर माझ्या शेजारी उभ्या राहून शाळेचा इतिहास सांगू लागल्या. ही शाळा पहिल्यापासूनच जिल्ह्यातल्या हुशार मुलांचं घर आहे, असं त्या म्हणाल्या. पहिल्यापासून! मला घडवणारी पोरं, त्यांचा वाडगा, तोंड वाकडं करून ‘टेक’ म्हणणारं गाव, सगळं त्यांनी एका वाक्यात पुसून टाकलं. खोटं बोलायचं तर निदान माझ्याकडे पाठ करून तरी बोलायचं.

शिरीषनी सानिकाला सगळ्यांत पुढे उभं केलं होतं. मिसेस हेहिरच्या नजरेत भरावी म्हणून अगदी पडद्याला खेटून. मुलीने नवा फ्रॉक घातला होता. भाषण सुरू होऊन थोडा वेळ झाला नाही तोच तिचे खांदे वरखाली होऊ लागले. मी तिच्या सगळ्यांत जवळ होतो. शिट्टी मला आधी ऐकू आली. तिने पंप ओढला आणि पुन्हा ओढला. शेजारच्या बाईंनी विचारलं, तर शिरीष हसून म्हणाले की नर्व्हस झाली आहे थोडी.

शर्वाणी पाहुण्यांना फिरवण्यासाठी छातीला बिल्ला लावून मागे उभी होती. ती गर्दीतून पुढे आली. तिने आधी सानिकाला दारातल्या मोकळ्या हवेत नेऊन बसवलं, मग परत येऊन माझी डावी कड धरली आणि वडिलांकडे पाहिलं.

“बाबा, ती बाजू धरा.”

मराठीत म्हणाली. त्या संध्याकाळी दुसरं मराठी कुटुंब आलेलं नव्हतं, त्या अख्ख्या गर्दीत ते एकाच माणसाला समजणार होतं. भाषण थांबलं. शिरीषनी मिसेस हेहिरकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं, तिथे सानिका दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून श्वास शोधत होती. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी माळ काढली. पडद्याच्या गाठी सोडल्या, तो गुंडाळून बगलेत धरला. आणि माझी उजवी कड धरली.

आतले करंडक एकमेकांवर आपटले, काही आडवे झाले. बापलेकीने मला ओढून बाजूला केलं. जमिनीपासून माणसाच्या खांद्याएवढी काळी, ओली, लव आलेली भिंत सगळ्यांसमोर उघडी पडली. दोन-तीन जणांनी नाकाला रुमाल लावला. पुढच्या रांगेतले लोक आपापल्या मुलांना मागे ओढू लागले.

मिसेस हेहिर म्हणाल्या की दुरुस्ती ठरलेलीच होती आणि हा पडदा म्हणजे केवळ सजावट.

“पडदा माझा आहे,” शिरीष इंग्रजीत म्हणाले. “डाग झाकायला मीच लावला. या भिंतीच्या पलीकडे तुमची मुलं बसणार आहेत.”

एवढं बोलून ते सानिकाजवळ जाऊन बसले. तिची पाठ चोळत राहिले. बाकीचे पालक मग भिंतीबद्दल विचारू लागले. त्या संध्याकाळी पॉइंट्सबद्दल कोणी विचारल्याचं मला आठवत नाही.

विज्ञानाची खोली दुसऱ्याच दिवशी बंद झाली. मुलं अंगणातल्या तात्पुरत्या प्रीफॅब खोलीत बसू लागली, पन्हळ बदलली, भिंत खरवडून काढली. नाताळाआधी चिठ्ठ्या टाकल्या. सानिकाचं नाव निघालं. मर्जी राखली असती तरी निघालं असतं आणि नसती राखली तरी. शिरीष मात्र आता सगळ्यांना ऐटीत सांगतात की इथे ओळखबिळख काही चालत नाही, मला आधीपासूनच माहीत होतं.

करंडकांना नवं कपाट मिळालं. माझी पाठ पार कुजलेली निघाली. सांधे अजून घट्ट आहेत, पण पाठीपायी मला आत घेता येत नाही असं ठरलं. ते बरोबरच आहे. मला बाहेर आणलं त्या दिवशी शर्वाणी हातमोजे घालून आणि नाकाला फडकं बांधून आली. शिरीषनी मला फिरवलं आणि पाठ उजेडाकडे केली. तिने ती घासून, पुसून काढली. इतकी वर्षं सगळ्यांनी माझं तोंडच पुसलं होतं. शिरीष बादलीतलं पाणी बदलून देत होते. पुसायला त्यांनी घरून फडकी आणली होती. पिवळं कापड होतं, सोनेरी काठाचं, फाडून चार तुकडे केलेलं.

मित्रांनो, मला वाचवा असं मी म्हणत नाही. माझं वय झालं. पण तुमच्या शाळेत, तुमच्या घरात भिंतीला टेकून एखादं कपाट उभं असेल, त्याच्या काचा लखलखीत असतील, तर एकदा कोणाला तरी हाक मारा आणि ते पुढे ओढा. एकट्याने हलत नाही. दुसरी बाजू धरायला कोणीतरी लागतं.