चिकाचा हलवा

मोझेल तळकर फोन कानाला लावून बॉल्सब्रिजच्या ऑफिसात बातमी ऐकत उभी होती. एकट्या राहणाऱ्या ज्यू म्हाताऱ्यांना घरपोच जेवण देणारी त्यांची संस्था एका सकाळीत बुडाली होती. ज्याच्याकडे सगळा निधी गुंतवला, त्या लायनलला पोलिसांनी पकडलं होतं. गुंतवणूक कुठे नव्हतीच, निव्वळ थापा!

लायनल? सिनेगॉगमध्ये पुढच्या बाकावर बसणारा, प्रत्येक आजाऱ्याला भेटायला जाणारा लायनल?

“अहो, पण कुणी साधी चौकशीसुद्धा केली नाही?” फोन ठेवून ती समोरच्या अध्यक्षबाईंवर, मिसेस रुबिनांवर ओरडलीच.

म्हाताऱ्या मिसेस रुबिन खुर्चीत पार खचल्या होत्या. “कोण करणार चौकशी? तो वाटेल त्याचे पैसे गुंतवायला घेत नसे. आम्हालाही दोनदा नाही म्हणाला. आम्हीच हात धुऊन त्याच्या मागे लागलो.”

मोझेलला एकदम आठवलं. गेल्या ज्यू नववर्षाला याच बाईंनी तिच्याकडून अलिबागकडचा गव्हाच्या चिकाचा हलवा मागून नेला होता. एका मोठ्या माणसाचं मन वळवायचंय, म्हणाल्या होत्या. हात भरून येईपर्यंत तिने तो घोटला होता.

“तो हलवा...”

“तो खाल्ला,” मिसेस रुबिन म्हणाल्या, “तेव्हा कुठे हो म्हणाला.”